मॅड्रॉकचा शेवटचा अंक

बुधवारी नवे अंक येतात, म्हणून अमरिलो शहरातल्या एका कॉमिकच्या दुकानात रांग होती. रांगेत उभ्या असलेल्या व्हर्नाच्या पुढचा म्हातारा गल्ल्यावरच्या बाईशी बोलत होता.

"मॅड्रॉक बंद पडला म्हणे, लोरेन?"

"पाठीत गोळ्या घालणारा काऊबॉय कोण विकत घेतंय आता, हॉलिस? या अंकात फासावर देतात त्याला."

"आधीही दोनदा मारलंच होतं की मेल्याला."

"आणि दोन्ही वेळा पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केला. येईल परत. हे लोक कुणाला कायमचं मरू देत नाहीत."

"कागदावरच्यांना."

"तुझ्या दोन प्रती काढून ठेवल्यात. पण दुसरी कशाला नेतोस रे अजून? तुझा पोरगा रसेल सुटीवर आला की वाचायचा, तेव्हा ठीक होतं. त्याला पुरून चार वर्षं झाली."

"त्याच्या कपाटात ठेवतो."

"बरं. त्याची पिशवीत बंद करते. तुझी उघडीच देऊ ना? गाडीत बसून वाचतोस तू."

"नको. माझीही बंद कर."

"मग शेवट वाचणार कधी?"

"मॅड्रॉक परत आला की. मी आणि रसेल, दोघं मिळून वाचू."

लोरेनने दुसऱ्याही पिशवीला चिकटपट्टी लावली.