पाचवा जवान

चहा गार होऊ द्या, पण हे ऐका. मी वरवंडच्या शाळेत नवीनच बदलून आलो होतो. लढाईवर गेलेल्या पंचक्रोशीतल्या जवानांचे फोटो शाळेत लावायचे होते. एका फोटोत पाच जण होते, नाव कुणाचंच नव्हतं. म्हणून गावातल्या सगळ्यात वयस्कर काशीआजींकडं गेलो.

"ह्यो भांडगावचा बाबू. ह्यो यवतचा गणपत, लई हसायचा. सुट्टीला आली की समदी आमच्यातच जेवायची." चौघांची नावं आजींनी भराभर सांगितली. मी पाचव्यावर बोट ठेवलं, तसा त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"हा कोण, आजी?"

"ऱ्हाऊ द्या."

आठवत नसेल, असं मला वाटलं. फोटोमागं चार नावं लिहिली.

"पाचव्याचं काय लिवलं?"

"अनोळखी."

आजींनी फोटो माझ्या हातातून घेतला.

"नवऱ्याचं नाव घ्यायची रीत न्हाई आमच्यात. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. त्ये लढाईवरनं आलंच न्हाईत." मग म्हणाल्या, "खोडा त्ये. लिवा, सखारामराव."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "आजी, परत एकदा सांगा."