निंदलेला चौकोन

मी मूळची सावनेरकडची जी, माय निंदाले जाये तं मले पाठीशी बांधून घेऊन जाये, चालाले लागली तवापासून हाती खुरपं आलं, लग्न होऊन दुसऱ्या गावात आली तरी तेच काम, म्हणजे पाहा, पन्नास वर्सं मी लोकायच्या वावरातलं तण उपटून राहिली. माह्या मांगं हिरवं टिपूस राहत नाही, म्हणून लोकं मलेच पयले बलावत.

तं काय सांगू तुमाले, मांगं नागपूरहून एक मॅडम आली, पोरगीच म्हणा, कॉलेजात शिकून राहिली होती. तिनं गावाबाहेरच्या मुरमाड पडीतात दोऱ्या बांधून चौकोन आखले अन् मले रोजीनं ठेवलं, जनावर शिरू द्यायचं नाही, बस. म्या इचारलं, हे काहून वं बाई? तं म्हणे, मावशी, गरम मुलखात झाडांच्या, किड्यांच्या इतक्या जाती, अन् बर्फाच्या मुलखात जंगलच्या जंगल दोन-चार जातींचं, असं काहून ते शोधायचं आहे. कोणी म्हणते इथं ऊन जास्त, कोणी म्हणते इथं बर्फानं सारं पुसून नाही टाकलं, म्हणून नव्या जाती व्हाले येळ भेटला, पक्कं कोणालेच ठाव नाही. तिकडं बर्फाच्या मुलखात तिचा सोबती असाच चौकोन मोजून राहिला होता. मले हासूच आलं, चौकोन मोजाले कॉलेज लागते काय बापा!

श्रावणात ती चार दिवस नागपूरले गेली, आल्यावर मोठा चौकोन मोजीन म्हणे. ती यायच्या दिवशी सकाळी म्या पायलं तं चौकोनातलं तण गुडघ्याले आलेलं. मले लाज वाटली जी, मी राखणीले असून हे असं? चौकोन मोजाचा तं जमीन साफ नको? पोरगी काय म्हणन? बसली खुरपं घेऊन, दुपारपर्यंत जमीन सारवल्यावानी करून टाकली.

मॅडम आली अन् पाहून मटकन खालीच बसली. मावशी, माझं सालभराचं काम गेलं हो, म्हणे, अन् रडालेच लागली. रोजी जाईन याचं नाही वाटलं, पण पोरीचं शिक्षण आपण बुडवलं, आता हिच्या मायबापाले काय तोंड दाखवू, असं झालं.

मंग तिचं ध्यान धुऱ्याकडं, म्हंजे बांधावर म्या लावलेल्या ढिगायकडं गेलं. माही सवय अशी का उपटलेलं एकात नाही फेकत मी, केना-कुंजर भाजीले येगळं, शेळीचं येगळं, खाज सुटते ते गाजरगवत येगळं, सारं मुळासकट. तिनं इचारलं, हे सारं चौकोनातलंच? हाव. बाहेरचं एकही नाही? मायची आण, एकही नाही. तशी डोळे पुसून ढिगाजवळ बसली, एकएक काडी मोजली, तिले ओळखू न आलेल्याचं नाव म्या सांगतलं. सांजेपर्यंत एकतीस जाती निघाल्या. दोन बारक्या तं मोठ्या तणाखाली दबून होत्या, उभ्यानं दिसल्याच नसत्या, म्हणे. तवा कुठं माहा जीव भांड्यात पडला, त्या दिवशी घरी दोन भाकरी जास्त खाल्ल्या म्या.

आता ती पास होऊन बर्फाच्या मुलखात गेली. मोबाइलवर तिकडचं जंगल दाखवलं, जिकडं पाहा तिकडं एकाच जातीचं झाड, मले कसंसंच झालं जी. सुखाची राहो पोरगी तिथं. मी अजून निंदाले जाते, पण धुऱ्यावर आली का हात थांबते. सून म्हणते, आत्याबाई, हे तण काहून सोडून राहिल्या? म्हणते, राहू दे वं, आपल्या इथं मावते सारं.