पुन्हा पहिल्यापासून

स्वारगेटहून लोणी काळभोरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेतलेली कॉलेजची मुलगी होती. तिच्या शेजारी गळ्यात आयकार्ड अडकवलेला तरुण.

“तुम्ही आयटीत आहात का हो? आज माझं प्रॅक्टिकल आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाकतेय. इन्स्टॉल पूर्ण होतं, पण रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू!”

“सेटिंग्जमध्ये बघा. इन्स्टॉलेशनची फाईल अजून जोडलेली असेल. मशीन दरवेळी तिथूनच सुरू होतंय.”

“आहे की! काढू?”

“काढा. आता चालू करा.”

“थांबा हां... आलं! लॉगिन मागतंय! अहो, कालपासून रडकुंडीला आले होते मी.”

“आता बिनधास्त द्या प्रॅक्टिकल.”

“तुम्हाला कुठं उतरायचंय?”

“हडपसरला.”

“अहो, ते कधीच मागे गेलं!”

“हो. जाताना बघितलं मी.”