तुळशीपासून मांडवापर्यंत

पासपोर्ट फोटोची वाट पाहत उत्तराबाई सेलूच्या स्टुडिओत बसल्या होत्या. काउंटरवर दोन छोटे डिजिटल कॅमेरे मांडलेले. पुढं कडूबाई आणि चार दिवसांवर लग्न आलेली तिची लेक निकिता.

“आई, हाच घे. ह्यात फोटो लय साफ येतेत.”

“अन् त्यो दुसरा?”

“त्यो लांबचं जवळ आणतो.”

“किती लांबचं?”

“आपल्या तुळशीपासून मांडवापर्यंत. पण तुला काय करायचं? फोटो तर दादा काढणार हाय.”

“तुझ्या ताईवर अक्षता पडल्या, तवा मी तुळशीला पाणी घालीत पाठमोरी बसले. लेकीच्या आईनं लग्न पाहू न्हाई म्हणं. नुसती वाजंत्री ऐकली, बाई.”

“मग आता वळून पाहशील? आत्या डोळे वटारंल.”

“डोळ्यानं पाहू न्हाई म्हणत्यात. कॅमेऱ्यातून पाहू न्हाई, असं कोण म्हणलंय?”

“अन् आत्यानं इचारलं, काय करायलीस, तर?”

“तुळशीचा फोटो काढायले म्हणीन.”

निकिता हसता हसता आईच्या खांद्यावर टेकली.

“बाई, तुमचे फोटो झालेत,” दुकानदारानं पाकीट पुढं केलं.

“राहू द्या,” उत्तराबाई म्हणाल्या. “आधी ह्यांना ते लांबचं जवळ आणायचं बटण दाखवा.”