बर्फाचं मशीन

धारवाडच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“अक्का, कॅनडात तुमच्या लेकीकडे, उत्तराकडे, फार बर्फ पडला म्हणे?”

“दार उघडेना! त्यात बर्फ उडवायचं जुनं मशीन सुरूच होईना. उन्हाळाभर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, कार्बोरेटर चोंदला.”

“जावई इंजिनियर आहेत ना?”

“आहेत की! म्हणाले, हात काळे होतात.”

“अय्यो! मग?”

“ह्यांनी मळमड्डीतल्या आमच्या घरातून व्हिडिओ कॉलवर एकेक सांगितलं, तिनं कार्बोरेटर खोलून धुतला. जावई फोन धरून उभे, वर म्हणतायत, लवकर आटप, मला ऑफिस आहे.”

“झालं का सुरू?”

“दोरी ओढली, पहिल्याच झटक्याला!”

“म्हणजे जावई वेळेवर पोचले.”

“कुठले? तिनं आपल्या गाडीपुरताच रस्ता केला आणि गेली कामावर.”