फांदीशिवाय आलेली घोडी

“परक्यांच्या बोलण्यात कान घालू नये, ऐकलेलं मग टाकून देता येत नाही,” असं आई बजावायची. सुरुचीने ते हसण्यावारी नेलं होतं. गोखिवऱ्याच्या एसटी थांब्यावर ती तान्ह्या वेदांतला घेऊन उभी होती. पुढे एक बाई आणि तिचा दीर.

“भावोजी, घोडी एकटीच आली. आज तिसरा दिवस.”

“वहिनी, हरेश्वरदादाची रीतच आहे ती. शिकार पडली की घोडीला खाली पिटाळतो.”

“खोगिराला खुणेची करवंदीची फांदी बांधून. यावेळी फांदी नव्हती.”

“विसरला असेल.”

“सोळा वर्सांत कधी इसरले नाय.”

“माथेरानचा दिवाळी सीझन संपला की हाच धंदा! कितीदा सांगितलं, बंदूकवाल्या साहेबांना डुकरं दाखवायला तुंगारेश्वरच्या डोंगरात नेऊ नकोस.”

“ते साहेब त्याच सांजेला गाडीत बसून गेले. मी आडवी गेले, इचारलं.”

“काय म्हणाले?”

“काच खाली केली नाय.”

दीर वाकून एसटी येते का ते बघू लागला.

“जंगलखात्यात सांगू या?”

“खुळ्या झालात? शिकारीला बंदी आहे. दादा सापडला की त्यालाच आत टाकतील.”

“सापडू तरी द्या.”

“रविवारपर्यंत बघू.”

“पानी एकच बाटली नेलंय हो त्यांनी.”

एसटी आली. दोघं चढले. सुरुची चढलीच नाही.

तिचं तुम्हांला एवढंच सांगणं: त्या डोंगराकडे जाणार असाल, तर हरेश्वर घोडेवाल्याला मोठ्याने हाक मारा. ओ येते का, तेवढं बघा.