विसाव्या पातळीच्या वीराची आई

गाडीला बर्फावर चालणारे टायर बसेपर्यंत आर्डिसबाई दुकानातल्या बाकावर विणत बसल्या होत्या. शेजारी दोन दाढीवाले बाप्ये, एकाच्या मांडीवर फाशांची पिशवी.

"वेंडेल, खेळ तू चालवतोस म्हणून ऐकून घेतो. पण खेळात आम्ही रचलेल्या वीराचे आईबाप जिवंत पाहिजेत, हा कसला नियम?"

"क्लिंट, या वेळी सगळे थेट शेवटच्या, विसाव्या पातळीपासून सुरू करताय. ड्रॅगन लोळवणारे वीर, आणि पाचही जण अनाथ. मागच्या खेळात तुम्हाला अनाथ करायला मला पाच गावं जाळावी लागली."

"घरी आई असली तर माणूस गुहेत कशाला शिरेल?"

"ते तू शोध. आई पाहिजे, आणि घरी जाणंयेणंही पाहिजे."

"माझा ग्रिमवाल्ड यमलोकातून परत आलेला माणूस आहे. तो रविवारी आईकडे जेवायला जाणार?"

"जाणार. आणि तिचं भांडं परत द्यायला पुन्हा जाणार."

"त्यापेक्षा माझी जादूची तलवार काढून घे."

"ती घेणारच होतो."

फोन वाजला. क्लिंटने तो बघून परत खिशात घातला.

"कोण होतं?"

"आई."

"उचल."

"खेळ शनिवारी आहे, वेंडेल."

"उचल म्हणतो ना."

आर्डिसबाईंच्या सुया थांबल्या.

"हां, आई. काही नाही गं, वेंडेल छळतोय. माझ्या वीराला आई पाहिजे म्हणतो. थांब, विचारतो. वेंडेल, ती विचारतेय, तिची पातळी कितवी?"

"तुझ्याहून एक वरची."

"विसाच्या वर पातळीच नाहीये."

"आता आहे."